थेंबापुरती वाट

सुखदेवभाऊंनी नाव घेतली ती बायकोसाठी, आणि बायको काही त्या नावेत पाय ठेवायला तयार नव्हती. हा तिढा सुटेपर्यंत मधे तीन पावसाळे गेले. तेवढ्या काळात माझ्या दुकानातली कितीतरी दोरी, ग्रीसचे डबे आणि माझी दुपारची झोप खर्ची पडली. झोपेचं मला जास्त वाईट वाटतं.

माझं दुकान तेव्हा कामरगावात होतं, जीपगाड्या थांबतात त्याच्या समोर. विहिरीवरच्या पंपांचं सगळं सामान मी ठेवायचो. माझा स्वभाव दुकानदारीला फारसा लायक नाही. गिऱ्हाईक आलं की मला आधी राग येतो आणि मग सामान सापडतं. कुणी खिशातून तुटका तुकडा काढून 'असंच द्या' म्हणतं, कुणी हवेत बोटानं गोल काढून दाखवतं. अशाच एका दुपारी सुखदेवभाऊ आले आणि म्हणाले, ग्लँडची दोरी पाहिजे. मी विचारलं, कोणत्या पंपाची?

"पंप नाई. नाव."

"कोणाचं नाव?"

"माही."

"तुमचं नाव मले माईत हाये, सुखदेवभाऊ. पंपाचं सांगा."

ते एवढे हसले की समोरच्या जीपवाल्यानं मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, "अरुणभाऊ, डोंगा घेतला मी डोंगा. पान्यात चालते तो." आमच्या वाशिम जिल्ह्यात माणसं विहीर घेतात, ट्रॅक्टर घेतात, हौस असेल तर घोडीसुद्धा घेतात. डोंगा घेतलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझा रागही त्या दिवशी यायचा विसरला.

सुखदेवभाऊ जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर चालक होते. त्यांची गाडी कामरगावावरून जायची, म्हणून सगळे त्यांना ओळखत. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, बोरखेडला राहायला गेले. बोरखेड धरणाच्या अलीकडच्या काठाला, आणि त्यांच्या बायकोचं माहेर जांभा पलीकडच्या काठाला. धरण होण्याआधी दोन्ही गावांच्या मधे बैलगाडीची वाट होती आणि सकाळी निघालेली बाई उन्हं तापायच्या आत माहेरी पोचायची. धरण भरलं, वाट पाण्याखाली गेली. आता माहेरी जायचं तर आधी जीपनं धनज, तिथं दुसऱ्या जीपची वाट पाहायची, मग पुढे आणखी पायी. माहेर डोळ्यांसमोर दिसतं आणि जायला अख्खा दिवस मोडतो, हे सुखदेवभाऊंना सहन होईना. आयुष्यभर परक्या बायकांना त्यांच्या माहेरी पोचवलं, आता घरचीला पोचवायचं, असं त्यांनी ठरवलं.

नाव त्यांना मिळाली ती धरणावरच. तिथं पूर्वी सहलीच्या नावा चालत. ते सगळं बंद पडल्यावर एक डिझेल इंजिनची नाव झाडाखाली पडून होती, ती लिलावात निघाली. भंगारवाल्यानं नुसतं इंजिन पाहिलं आणि सुखदेवभाऊंनी पलीकडचा काठ पाहिला. नाव आली तशी त्यांनी तिला आधी गाडीचा हॉर्न बसवला आणि मागचं दिसायचा मोठा आरसा बसवला. धरणात मागून कोण येणार, असं मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे, आरसा नसला तर मान अवघडते. नावेला ते कधी नाव म्हणालेच नाहीत. कायम गाडी. नावेचा पंखा उलटा फिरवून वेग कमी करायला ब्रेक मारणं म्हणत, आणि काठाला लावायला गाडी फलाटावर घेणं.

आणखी एक सवय होती. कुठलीही गोष्ट तापली की नाही हे ते उलट्या हातानं पाहत. चहाचा पेला, इंजिन, तव्यावरची भाकर, शेजारच्या पोराचं कपाळ. तळहात खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. तळहाताला काम करून करून घट्टे पडलेले असतात, त्याला काही कळत नाही. हे त्यांना गाडीवरच्या एका जुन्या मिस्त्रीनं शिकवलं होतं, पण सांगताना ते स्वतःचाच शोध म्हणून सांगत. ही त्यांची खोडच होती. मी त्यांना आज काही शिकवलं की उद्या ते मलाच ते शिकवायचे, आणि शेवटी विचारायचे, समजलं काय?

आता ग्लँडचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नावेचं इंजिन आत आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट नावेच्या बुडातून बाहेर जातो, म्हणजे बुडाला भोक आलंच. त्या भोकातून शाफ्ट तर फिरला पाहिजे आणि पाणी तर आत भरायला नको. म्हणून शाफ्टभोवती एक डबी असते, डबीत चरबी किंवा ग्रीस मुरवलेल्या दोरीचे वेढे, आणि वरून ते दाबायला नट. यालाच ग्लँड म्हणायचं. विहिरीवरच्या जुन्या पंपांनाही हेच असतं. फरक एवढाच की पंपाचा ग्लँड गळला तर वाफा भिजतो आणि नावेचा गळला तर आपण. आणि या ग्लँडची एक अट असते, जी नव्या माणसाला कधीच पटत नाही. शाफ्ट फिरत असताना त्यातून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे. तेच पाणी दोरीला आणि शाफ्टला गार ठेवतं.

मी त्यांच्यापुढे तीन प्रकारची दोरी ठेवली. पांढरी गुळगुळीत, काळी शिसपेन्सिलीसारखी हात काळे करणारी, आणि साधी सुती, चरबीत भिजवलेली. त्यांनी तिन्हींचा वास घेतला आणि सुती निवडली, कारण तिला त्यांच्या जुन्या डेपोतल्या गॅरेजचा वास येत होता. निवडीची ही पद्धत मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पण निवड वाईट नव्हती. गोड्या पाण्याला आणि सावकाश फिरणाऱ्या शाफ्टला सुती दोरी बरी.

आठवड्यानं ते भिजलेल्या पायजम्यात दुकानात हजर. ग्लँडमधून थेंब नाही, धार लागली होती. मी विचारलं, दोरी कशी भरली? त्यांनी दाखवलं. अख्खी दोरी त्यांनी फेटा बांधल्यासारखी एका दमात शाफ्टभोवती गुंडाळली होती. पाणी त्या वेढ्यांवरून गोल गोल फिरत आरामात आत येत होतं. मग मी दुकानातल्याच एका पाइपावर दोरी गुंडाळून तिरप्या कापानं वेगवेगळ्या कड्या करून दाखवल्या. आधीची जुनी दोरी आकड्यानं पूर्ण उकरून काढायची. एकेक कडी वेगळी बसवायची. एकीचा जोड वर आला तर दुसरीचा बाजूला, जोडावर जोड येऊ द्यायचा नाही. नट हातानंच लावायचा आणि इंजिन चालू करून, थेंब पाहत पाहत, थोडा थोडा आवळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच सुखदेवभाऊ आले आणि त्यांनी मला जोडावर जोड का येऊ देऊ नये हे समजावून सांगितलं. वर विचारलं, समजलं काय?

नाव चालू लागली. बोरखेडची माणसं ये-जा करू लागली. बायका पलीकडच्या आपल्या लेकींना भेटून येऊ लागल्या. सुखदेवभाऊ सगळ्यांना लिलावातच मिळालेली फुगीर जाकिटं घालायला लावत, न घालणाऱ्याला उतरवून देत. फक्त जिच्यासाठी नाव घेतली ती काठावर यायची, पाहायची आणि घरी जायची.

त्यांच्या बायकोचं नाव गोदावरी. आम्ही गोदावहिनी म्हणायचो. नदीचं नाव मिरवून ही बाई जन्मभर पाण्यापासून चार हात लांब राहिलेली. पण भित्री म्हणावी तर तसंही नाही. साप निघाला तर गल्लीतले पुरुष त्यांना हाक मारत. पहिल्यांदा त्यांनी नावेत वाकून पाहिलं तेव्हा मी तिथं होतो. बुडात वाटीभर पाणी साचलं होतं आणि ग्लँडखाली थेंब पडत होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"भगोन्याले भोक असलं तं मी त्यात दूध नाई ठेवत. अन् तुमी त्यात मले ठेवून राह्यले."

  सुखदेवभाऊ नुसतं म्हणाले की हे गळणं नाही. त्यावर वहिनींनी विचारलं, मग काय आहे? ते म्हणाले, थोडंसं आहे. आज थोडं आहे, उद्या धार होईल, असं म्हणून वहिनी घरी गेल्या आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांना जीपनंच माहेरी गेल्या. धनजच्या फाट्यावर पावसात तासन् तास उभ्या राहिल्या आणि सर्दी घेऊन परत आल्या. ती सर्दी बरी होईपर्यंत सुखदेवभाऊ माझ्याकडे अपराध्यासारखे येऊन बसत.

त्यानंतर त्यांच्या डोक्यानं एकच घेतलं. थेंब बंद झाला पाहिजे. मी सांगितलं, करू नका. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि घरी जाऊन नट पूर्ण आवळला. बूड कोरडं ठणठणीत झालं. आनंदानं त्यांनी मला फोन करून बोलावलं, की आधी आपण दोघं जाऊन येऊ, मग तिला नेऊ. मी गेलो. आरशात पाहून, हॉर्न वाजवून त्यांनी गाडी काढली. मधे पोचलो तेव्हा मला जळक्या चिंधीचा वास आला. त्यांनी ग्लँडला उलटा हात लावला आणि तोंडातून आवाजही न काढता तो पाण्यात बुडवला. दोरीतून धूर निघत होता. मग इंजिननं एक आचका दिला आणि गप्प झालं.

भरदुपारी धरणाच्या मधोमध आम्ही दोघं जाकिटं घालून बसलो होतो. ग्लँडवर पाणी ओतलं तर चर्र झालं. थोड्या वेळानं शालिकराम नावाचा मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत आला.  त्यानं आमच्या नावेचा दोर तराफ्याला बांधला आणि आम्हाला काठाकडे ओढायला लागला. हॉर्न, आरसा, डिझेल इंजिन असलेली आमची गाडी एका थर्माकोलच्या मागे निघाली होती. अर्ध्या वाटेत सुखदेवभाऊंनी सवयीनं आरशात पाहिलं. मला हसू आवरेना. मग ते हसायला लागले, शालिकराम हसायला लागला आणि तराफा हलायला लागला, तेव्हा शालिकरामानं दम दिला की हसायचं असेल तर पोहत या.

शाफ्टला खोल ओरखडा पडला होता. कारंजा गावातल्या लेथवर तो घासून गुळगुळीत करून आणला. पण सुखदेवभाऊ तेवढ्यानं हार मानणारे नव्हते. मोबाइलवर पाहून पाहून त्यांना कळलं होतं की आता कोरडं सील मिळतं. त्यात दोरी नाही, थेंब नाही. रबरी भात्यासारखं एक नळकांडं, त्याच्या तोंडाशी काळी कडी, आणि ती शाफ्टवरच्या चकचकीत पोलादी कडीला सतत दाबून धरलेली. दोन्ही कड्या इतक्या सपाट की मधून पाणी जात नाही. मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून ते मागवून दिलं. सांगितलंही, की ही चीज उत्तम आहे, पण हिला स्वच्छ पाणी लागतं आणि इंजिन फार थरथरलेलं चालत नाही. आपल्या धरणात पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी येतं. नीट लक्ष ठेवावं लागेल.

सील बसवायला नाव ट्रॅक्टरनं बाहेर ओढावी लागली, शाफ्ट सोडवावा लागला. बसल्यावर मात्र बूड असं कोरडं की सुखदेवभाऊंनी तिथं वर्तमानपत्र पसरलं आणि फेरी मारून आल्यावर तेच वर्तमानपत्र चौकात नेऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. बातमी कुणी ऐकली नाही, कागद सगळ्यांनी चाचपून पाहिला. मला तर रोज सकाळी व्हिडिओ येऊ लागला. लोक सकाळी सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात, हे कोरड्या बुडाचा व्हिडिओ पाठवत आणि खाली लिहीत, शुभ सकाळ.

गोदावहिनींनी तो कागद स्वतः चाचपला. नावेत डोकावून पाहिलं, बोट फिरवलं, बोट पाहिलं. आणि म्हणाल्या, बरं, या महालक्ष्म्यांना मी येते. सुखदेवभाऊंनी त्या दिवशी माझ्या दुकानात सगळ्यांना चहा पाजला. जीपवाल्यालासुद्धा, ज्याचं एक हमखास गिऱ्हाईक त्या दिवसापासून कमी होणार होतं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या असताना ते दुकानात आले. हॉर्नसारखा आवाज करत येणारा माणूस गुपचूप येऊन बाकावर बसला, तेव्हाच मला शंका आली. त्यांनी सांगितलं की दोन आठवडे गढूळ पाणी होतं, आणि आता सीलच्या खाली बारीक दव जमायला लागलंय. काळ्या कडीवर ओरखडे दिसतात. मी म्हटलं, एवढ्यानं काही होत नाही. फडक्यानं पुसून घ्या, वहिनींना नेऊन आणा, मग सावकाश पाहू. दुकानदार म्हणून ते बरोबरच होतं. सील त्या एका फेरीला नक्की टिकलं असतं.

ते बाकावरून उठून दोरीच्या गुंडाळ्यांपाशी गेले. मग म्हणाले, "टिकन हो. पन मी तिले कोरडं म्हनून सांगतलं हाये. तिनं माह्या भरवशावर पाय ठेवला, अन् मधात पानी आलं, तं मी तिले काय सांगू? दोरी ढिली झाली तं नट आवळता येते. हे बिघडलं तं मी मधात काय करू?" आणि सुती दोरी मागितली.

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. मी दुकान बंद केलं आणि दोरी घेऊन त्यांच्याबरोबर बोरखेडला गेलो.

पुन्हा नाव बाहेर, पुन्हा शाफ्ट मोकळा, पुन्हा तीच जुनी डबी. कड्या बसवल्या, नाव उथळ पाण्यात दोराला बांधून ठेवली. आता घरी जाऊन वहिनींना सांगायचं होतं. तीस वर्षं घाटातून गाडी काढलेला माणूस स्वतःच्या उंबऱ्यावर अडखळला. त्यांनी जे झालं ते सगळं सांगितलं. कोरडं सील काढलं, पुन्हा दोरी घातली, पुन्हा थेंब येणार, तुला जीपनं जायचं असेल तर मी धनजपर्यंत सोडायला येतो. वहिनी पुरणाची डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, थेंब येतेच काहून? तुम्हाला एवढ्या वर्षांत बंद करता नाही आला?

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, बंद केला तर शाफ्ट जळतो. वहिनी म्हणाल्या, दाखवा.

त्या काठावर आल्या, पदर खोचून बांधलेल्या नावेत चढल्या. नावेत त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता, पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं आणि आम्ही लक्षात आणून दिलं नाही. इंजिन चालू केलं. थेंब पडायला लागला. त्यांनी ग्लँडला हात लावला, नवऱ्यासारखाच उलटा. गार होता. आता आवळा, म्हणाल्या. सुखदेवभाऊंनी थेंब बंद होईपर्यंत नट आवळला. वहिनी तिथंच उकिडव्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं पुन्हा हात लावला आणि झटकन मागे घेतला. ढिला करा, म्हणाल्या. थेंब परत सुरू झाला आणि हळूहळू ग्लँड निवला.  

"म्हंजे माठावानी हाये हे," वहिनी म्हणाल्या. "झिरपला तं गार. नाई झिरपला तं कायच्या कामाचा?"

सुखदेवभाऊंनी मान डोलावली. एवढी वर्षं आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघरी माठ झिरपत असतो. ज्याचं झिरपणं थांबलं त्याला बाई डाळ-दाणा ठेवायला आत टाकते. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या घरी कुणीतरी हौसेनं माठाला बाहेरून तेलाचा रंग दिला होता आणि उन्हाळाभर कोमट पाणी प्यायलो होतो.

"मंग असं सांगा ना बाप्पा," वहिनी आता खऱ्या चिडल्या होत्या. "तीन साल झाले, तुमी दोघं मले 'गळत नाई, गळत नाई' सांगून राह्यले. अन् मले डोयानं गळतानी दिसून राह्यलं. झिरपते, अन् झिरपाले पायजे, असं कोनी सांगतलं काय मले?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना थेंब लपवून दाखवत होतो, पुसून दाखवत होतो, आवळून दाखवत होतो. थेंब कशासाठी आहे ते सांगायचं तेवढं राहिलं होतं. सुखदेवभाऊ शाळेतल्या पोरासारखे खाली पाहत उभे होते, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी महालक्ष्म्यांपुढे टांगायच्या फुलोऱ्याचा डबा आणि दोन पिशव्या घेऊन काठावर आल्या. हिरव्या लुगड्यावर नारिंगी जाकीट घातलं. मी निरोप द्यायला उभा होतो, तर म्हणाल्या, दोरी तुमच्या दुकानातली आहे, तुम्हीपण बसा. याला म्हणतात पक्कं गिऱ्हाईक. मी मुकाट्यानं बसलो. वहिनी ग्लँडजवळ फळीवर बसल्या, तोंड त्याच्याकडे करून. अर्धं धरण ओलांडेपर्यंत त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. सारखा हात लावायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या, गार आहे, चालू द्या. एकदा म्हणाल्या, थोडा ढिला करा. सुखदेवभाऊंनी पाना घेऊन लगेच ढिला केला. नोकरीत त्यांनी साहेबाचंही इतकं निमूट ऐकलं नसेल.

मग एका जागी त्यांनी मान वर केली. दोन्ही काठ पाहिले, टेकडी पाहिली, आणि म्हणाल्या, थांबवा. इंजिन बंद झालं. नाव नुसती तरंगत राहिली.

"आमच्या बाबाची संत्र्याची बाग होती इथं. इहीर तिकडे असन," त्यांनी हात केला.

मला पहिल्यांदा कळलं की ही बाई पाण्यावर का येत नव्हती. थेंब हे एक कारण होतं, पण खाली काय आहे हे तिला ठाऊक होतं.  सुखदेवभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. थोड्या वेळानं ते मला म्हणाले की हिला मी पहिल्यांदा त्याच बागेत पाहिलं. आमचं ठरायच्या आधी मी सहज बागेपर्यंत आलो होतो, तर हिनं संत्रं फेकून मारलं, नेमकं कपाळावर. वहिनी पाण्याकडे पाहतच म्हणाल्या, मला चोर वाटला होता. मग त्या हसल्या आणि डोळे पुसले, आणि म्हणाल्या, चला आता, पुरण राहिलंय. जांभ्याच्या काठावर त्यांच्या भावजया, भाचरं, सगळा गोतावळा उभा होता. सुखदेवभाऊंनी एवढा हॉर्न वाजवला की बगळे उडाले.

पुढे वहिनी वरचेवर माहेरी जाऊ लागल्या. सणाला जात, मग बारशाला, मग भावजयीच्या पापडांना, मग उगाचच. सुखदेवभाऊ दुकानात येऊन तक्रार करत की नाव घेताना फक्त न्यायचा विचार केला, ती परत कधी येईल हे विचारायचं राहिलंच. स्वतः भाकरी थापतो, म्हणायचे, आणि जळक्या भाकरीचं वर्णन इतक्या खुशीत करायचे की तक्रार कोणती आणि कौतुक कोणतं ते कळायचं नाही. ग्लँडवर आता वहिनींचंच लक्ष होतं. ग्रीस संपलं की निरोप त्यांच्याकडून येई. दोरी कडक झाली, काळी पडली, की त्या स्वतः सांगत, बदला.

नंतर माझा मुलगा मंगरूळपीरला स्थायिक झाला आणि मी दुकानही तिकडे हलवलं. आता आमची भेट फोनवरच होते. त्यांना डोळ्यांनी मी शेवटचं पाहिलं ते दुकान हलवायच्या आदल्या आठवड्यात. उरलेली सगळी सुती दोरी मी त्यांच्यासाठी बांधून घेतली होती आणि ती द्यायला बोरखेडच्या काठावर जाऊन उभा होतो. ते वहिनींना आणायला जांभ्याला गेले होते. उन्हं कलली होती, पाणी शांत होतं. लांबून नाव येताना दिसली, पण नेहमीपेक्षा फार हळू. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं.

नाव जवळ आली तेव्हा दिसलं. गोदावहिनी फळीवर आडव्या झाल्या होत्या, उशाला कपड्यांचं गाठोडं, तोंडावर पदर. गाढ झोपल्या होत्या. सुखदेवभाऊंनी इंजिन इतकं हळू ठेवलं होतं की आवाज काठापर्यंत येत नव्हता. मी हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग काठापासून थोड्या अंतरावर नाव अलगद वळवली आणि परत आत, मोकळ्या पाण्याकडे घेऊन गेले. मी दोरीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांची फेरी पुरी व्हायची वाट पाहत दगडावर बसलो.